नवीन पिकअप घ्यायच्या आधी उंची तपासून घ्या : इंदिरानगरच्या काकांकडे केलेला गिटार सेटअप

इलेक्ट्रिक गिटार बद्द वाजतेय, जाड तारा नुसत्या घुमतात, वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) सूरच लागत नाही, म्हणून नाशिकमध्ये कोणी पिकअप (तारांखाली बसवलेले, तारेची हालचाल पकडणारे भाग) बदलायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. मी साडेसहा हजाराचे पिकअप मागवायच्या बेतात होते, पैसे बाजूला काढून ठेवले होते, आणि शेवटी काम झालं ७०० रुपयात, तेही नवीन काहीही न बसवता. पिकअप जुनेच, फक्त त्यांची उंची बदलली.

माझी गिटार स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) टाइपची आहे, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे एकेरी गुंडाळीचे तीन पिकअप असलेली, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने त्यात अल्निको ५ या चुंबकाचे चांगले पिकअप टाकून घेतले होते आणि त्यासाठीच मी चार पैसे जास्त दिले होते. आमचा चौघांचा ग्रुप आहे, बासरी, कॅजॉन (हाताने वाजवायची लाकडी पेटी), मी आणि एक गाणारी, अभंग आणि जुनी भावगीतं वाजवतो, म्हणजे माझा आवाज जवळजवळ कायम क्लीन असतो, डिस्टॉर्शनने न फाडलेला. डिस्टॉर्शनमध्ये खूप काही झाकलं जातं, क्लीनमध्ये काहीच नाही. नेक पिकअपवर (मानेकडच्या) बाराव्या फ्रेटच्या पुढे सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर गेलं की सूर असा थरथरायचा की बासरीवाला थांबून माझ्याकडे बघायचा. जाड तारा पातळ तारांना खाऊन टाकायच्या, आणि नेकवरून ब्रिजला (तारांच्या खालच्या टोकाकडच्या पिकअपला) स्विच मारला की आवाज एकदम निम्म्यावर.

मग एका दुकानात दाखवली. नाव घेत नाही. तिथे गिटार पाच मिनिटं हातात घेतली, ॲम्पला लावली पण नाही, आणि सांगितलं की पिकअप वीक झालेत, बदलावे लागतील. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून तारेची लांबी जुळवणं) करून देतो म्हणाले म्हणून ठेवून आले, चार दिवसांनी आणली, ५०० रुपये दिले आणि घरी येऊन वाजवली तर सूर होता त्यापेक्षा वाईट. ओपन कॉर्ड बरे लागायचे, वरती गेलं की सहावी तार वेगळ्याच गावाला. याचा मला खरंच राग आला होता, कारण मी विचारलं होतं की उंची बघितली का, आणि उत्तर मिळालं की "उंचीने आवाज थोडा कमीजास्त होतो फक्त".

तर काका. तबला शिकवणाऱ्या एका सरांनी त्यांच्याकडे पाठवलं. इंदिरानगरमध्ये जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या बाजूला राहतात, घरातच काम करतात, दुकान नाही, बोर्ड नाही. नाव आणि नंबर टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय, आहे तेवढं काम पुरतं म्हणाले, त्यामुळे टाकत नाही, पण वाद्यं वाजवणाऱ्यांमध्ये विचारलंत तर सापडतील. सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये पूर्ण नोकरी झालेली, डाय-मोल्डचं काम, आणि लहानपणापासून भजनाला हार्मोनियम. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग हाताला कळतो आणि कानाला श्रुती कळते, या कामाला दुसरं काय लागतं! मी मखमलाबाद रोडवरून जाते, द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला, तरी वसूल झाला.

फोनवर त्यांनी एकच सांगितलं होतं, ज्या ॲम्पवर वाजवतेस तोच आण, केबल तीच आण, पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, तीच आण आणि तारांचा नवीन सेट घेऊन ये. मला वाटलं एवढा ॲम्प कशाला वाहायचा. आता कळतं, कारण त्यांनी पूर्ण काम माझ्या हाताने वाजवून घेत घेत केलं, स्वतः वाजवून नाही. तू जोरात मारतेस की हळू, त्यावर पिकअप कुठे थांबवायचा ते ठरतं म्हणाले.

गिटार टेबलावर टॉवेल टाकून ठेवली आणि काकांनी पहिलं बोट ठेवलं ते सहाव्या तारेच्या सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या सरकत्या तुकड्यावर. "हे इथपर्यंत कोणी नेलं?" सॅडल अगदी मागे टेकलेला, मागची स्प्रिंग पूर्ण दाबलेली, अजून मागे जायला दोरा ठेवायलाही जागा नाही. म्हणजे दुकानात ट्यूनर लावून सूर जुळवायला सॅडल मागे मागे मागे नेत गेले, सूर जुळला नाही, आणि जागा संपली तिथे थांबले. काका म्हणाले, "आजार एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी चाललंय."

मग त्यांनी मला एक गोष्ट ऐकवली, ती मी कधी विसरणार नाही. नेक पिकअप, टोन पूर्ण उघडा, सहावी तार पंधराव्या फ्रेटवर, एकदाच मार आणि ऐकत राहा. वॉं-वॉं-वॉं, अशी लाट. ट्यूनरचा काटा पण एका जागी ठरेना, इकडून तिकडे. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा किंचित वेगळ्या लागल्या की जशा लाटा येतात ना, तस्सं. फक्त इथे तार एकच! मग काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, नेक पिकअपचा जाड तारेकडचा स्क्रू सैल करत गेले, आणि मी तोच सूर परत परत मारत होते. एक फेरा, लाट थोडी संथ. दोन फेरे, अजून संथ. अडीचच्या आसपास लाट गेली. सूर एकच राहिला, लांबलचक, आणि काटा मध्ये उभा. माझ्या अंगावर काटा आला, दोन वर्षं मी या गिटारचा हा सूर ऐकलाच नव्हता.

कारण त्यांनी असं सांगितलं. पिकअप म्हणजे माईक नव्हे, ते लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आहे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, तोच आवाज ॲम्पकडे जातो. पण चुंबक नुसता ऐकत बसत नाही, तो तारेला ओढतो पण. अल्निकोच्या सिंगल कॉइलमध्ये प्रत्येक तारेखाली थेट चुंबकाचीच दांडी असते म्हणून ओढ जास्त. स्वस्तातल्या सिरॅमिक पिकअपमध्ये बऱ्याचदा खाली एक पट्टीचुंबक आणि वर नुसते पोलादी खिळे असतात, तिथे हा त्रास कमी जाणवतो. तार चुंबकाच्या दिशेने वर-खाली हलताना ही ओढ मध्ये येते आणि सूर किंचित उतरतो, आडवी हलताना तेवढा उतरत नाही, आणि दोन्ही हालचाली एकाच वेळी चालू असतात म्हणून एका तारेतून दोन सूर आणि त्यांची लाट. शिवाय ओढीमुळे तार लवकर थांबते, सस्टेन जातो. वरच्या फ्रेटवर दाबलं की तार पिकअपच्या अजून जवळ येते म्हणून त्रास तिथेच जास्त दिसतो, आणि नेक पिकअप जिथे असतो तिथे तार सगळ्यात मोठी हलते. ब्रिजजवळ ती कमी हलते, म्हणून ब्रिज पिकअप जवळ ठेवला तरी चालतो, किंबहुना ठेवावाच लागतो नाहीतर त्याचा आवाज कमी पडतो. माझ्या गिटारमध्ये तिन्ही पिकअप एका रेषेत चढवलेले होते, कोणीतरी जास्त आवाज पाहिजे म्हणून चढवले असणार.

इतकं कळल्यावर मला वाटलं झालं काम, पण काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आता पहिल्यापासून, म्हणाले. तारा नवीन टाकल्या, माझ्या १०-४६ जाडीच्या. मानेचा बाक बघितला, पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबून मध्ये सातव्या-आठव्यापाशी फिलर गेजची पात घातली, ०.२५ मिमीची, तीच जी गाडीवाले टॅपेट सेट करायला वापरतात. मग ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी. हे सगळं झाल्यावरच पिकअपची उंची, आणि इंटोनेशन सगळ्यात शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण ॲक्शन बदलली की तारा आणि पिकअपमधलं अंतर बदलतं, आणि पिकअप जवळ असताना इंटोनेशन करायला गेलं तर माझ्या सॅडलचं जे झालं ते होतं. काम तेच, पण क्रम चुकला की सगळं चुकलं.

अंतर मोजायची पद्धत पण नीट सांगते कारण माझ्या ओळखीतले निम्मे लोक तार मोकळी ठेवून मोजतात. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या दांडीच्या माथ्यापर्यंत मोजायचं, एकदा सहाव्या तारेला आणि एकदा पहिल्या तारेला. फेंडरने स्वतःच्या विंटेज पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी जे आकडे दिलेत ते जाड तारेकडे २.४ मिमी आणि पातळ तारेकडे २ मिमी असे आहेत. माझा नेक पिकअप जाड तारेकडे होता १.२ वर! निम्म्यावर. काकांनी स्टीलपट्टीने मोजून मलाच वाचायला लावलं.

स्क्रू फिरवण्याबद्दल एक गोष्ट उलटी वाटते ती लक्षात ठेवा, स्क्रू आवळला की पिकअप वर येतो आणि सैल केला की खाली जातो, कारण स्क्रू वरच्या प्लेटमधून जाऊन पिकअपलाच खेचत असतो. माझ्या गिटारला एम-३ चे स्क्रू आहेत, त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिमी, पाव फेरा म्हणजे त्याचाही चौथा भाग. टूलरूमवाल्या माणसाला हे आकडे तोंडपाठ. फार सैल करत गेलं तर मात्र पिकअप आटे सोडून आत पडतो, मग पूर्ण पिकगार्ड (तीच वरची प्लेट) उघडावं लागतं, तेव्हा घरी करणाऱ्यांनी जपून.

आता खरा वेळ कुठे गेला सांगू का, जवळजवळ तास, तो ऐकण्यात गेला. छापील आकड्यावर आणून ठेवणं दहा मिनिटांचं काम. त्यानंतर काका खुर्ची ॲम्पपासून लांब घेऊन बसले, डोळे मिटून, आणि मला म्हणाले, "तुमचा अभंग वाजव, स्केल नको वाजवूस, रोज वाजवतेस ते वाजव." मी वाजवत राहिले, ते उठून पाव फेरा द्यायचे, परत जाऊन बसायचे. आधी ब्रिज पिकअप पक्का केला, जाड बाजूला २ आणि पातळ बाजूला १.६. मग त्याच्या आवाजाला जुळेल असा नेक खाली घेत गेले. २.४ वर लाट गेली होती पण नेक अजून ब्रिजपेक्षा मोठा वाजत होता. २.६, २.८. तिथे थांबले. पातळ बाजूला २.४. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "आता तुला काय ऐकू आलं?" आणि मी "छान वाटतंय" म्हटलं की मान हलवायचे, छान हे उत्तर नाही, काय बदललं ते सांग. मग मला सांगता यायला लागलं. जाड तारांची धार आली, प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतंय, पिक तारेला लागते तो क्षण ऐकू येतोय. पिकअप लांब गेला की आवाज थोडा कमी होतो हे खरं, पण मोकळा होतो, हळू वाजवलेलं हळू आणि जोरात वाजवलेलं जोरात येतं. जवळ असताना सगळं एकाच मापाचं, दाबून भरल्यासारखं येत होतं. कमी झालेला आवाज मी ॲम्पवर वाढवला, बस. तो दुकानवाला म्हणाला ना कमीजास्त होतो फक्त, त्याला इथे आणून बसवावं असं वाटलं.

मधल्या पिकअपचं काम वेगळंच निघालं. तो एका बाजूने वर यायलाच तयार नव्हता, स्क्रू फिरतोय आणि पिकअप हलतोय, डुगडुगतोय. उघडल्यावर कळलं की त्या बाजूची स्प्रिंगच नाही, कधीतरी पडली असणार. काकांनी खणातून सायकलची व्हॉल्व्हट्यूब काढली, काळी, बारीक, साधारण बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे ब्लेडने कापले आणि दोन्ही स्क्रूंवर चढवले. दोन्ही बाजूला का, तर एकीकडे स्प्रिंग आणि एकीकडे रबर ठेवलं तर ताण सारखा राहत नाही. रबर घट्ट धरतं, वाजवताना स्क्रू आपोआप सरकत नाही, फक्त काही वर्षांनी कडक होतं तेव्हा बदलायचं, असं सांगून उरलेला तुकडा माझ्या केसमध्ये टाकला. मधला पिकअप मग नेक आणि ब्रिज दोघांबरोबर जोडून ऐकला, ते स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनचे काचेसारखे आवाज असतात ते, आणि जिथे ते सगळ्यात स्वच्छ आले तिथे ठेवला. ज्यांना स्ट्रॅट त्याच आवाजासाठी आवडते त्यांनी मधल्याकडे दुर्लक्ष करू नका, सगळे नेक-ब्रिज करत बसतात.

एक गोष्ट पूर्ण सुटली नाही, ती पण सांगते. माझी तिसरी तार, म्हणजे G ची तार, अजूनही बाकीच्यांपेक्षा किंचित मोठी वाजते. याचं कारण जुनं आहे. १९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली यायची, तिचा आवाज कमी म्हणून तिच्याखालची दांडी उंच ठेवलेली, आणि विंटेज पद्धतीच्या पिकअपमध्ये ती उंची अजून तशीच येते. आता आपण तिसरी साधी तार लावतो, ती मोठी वाजते. मी म्हटलं दांडी थोडी दाबून देता का, व्हिडिओत बघितलं होतं. काका एकदम गंभीर झाले. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तांब्याची तार थेट दांड्यांवरच गुंडाळलेली असते, ०.०६ मिमीच्या आसपास जाडी, केसाएवढी, हजारो वेढे, दांडी सरकली आणि एक वेढा तुटला की पिकअप मेला. हात लावणार नाही म्हणाले. मला हे आवडलं. जे होत नाही ते होत नाही म्हणून सांगणारा माणूस पाहिजे.

दुसरी तक्रार, आणि ही काकांची नाही, या कामाचीच आहे. पिकअप खाली घेतले की सिंगल कॉइलची घरघर जास्त जाणवते. घरघर असते तेवढीच असते, ती काही तारेतून येत नाही, पण तारेचा आवाज कमी झाल्यामुळे ॲम्प वाढवावा लागतो आणि तिच्याबरोबर घरघर पण वाढते. आमच्या जुन्या घरात अर्थिंग खास नाही, तिथे मला ते जाणवलं. मधला पिकअप जोडीला घेतला की माझ्या गिटारमध्ये घरघर जाते कारण तो उलट गुंडाळलेला आहे, पण नुसत्या नेकवर वाजवताना शांत जागी ऐकू येते. ज्यांना फुल डिस्टॉर्शन वाजवायचंय त्यांनी इतकं खाली नेऊ नये, थोडं जवळ ठेवून जाडी मिळत असेल तर त्यांच्यासाठी तेच बरोबर, लाट येत नाही एवढं बघा.

माझ्या सांगण्यावरून आमच्या ओळखीतला एकजण हंबकरवाली (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपची) गिटार घेऊन गेला. त्याचा नेक पिकअप चिखल वाजायचा. काकांनी पूर्ण पिकअप खाली घेतला आणि वरचे सहा पोलस्क्रू थोडे थोडे वर काढले, तारा वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. अर्ध्या तासात परत आला, खूश आहे.

व्यवहाराचं. पूर्ण सेटअप ७०० रुपये, तारा आपल्या. नुसती पिकअपची उंची करून द्या म्हटलं तर करत नाहीत, आधी मान आणि ॲक्शन बघणारच, आणि आता मला ते पटलंय. संध्याकाळी सहानंतरच वेळ देतात, मला नऊ दिवस थांबावं लागलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ॲम्प जड असेल तर कोणाला तरी बरोबर न्या. फ्रेट घासायचं काम घेत नाहीत, मशीन नाही म्हणून. घाईतल्या लोकांनी जाऊ नये, दुपारी ठेवून संध्याकाळी न्यायची असा प्रकार नाही, तिथे बसावं लागतं आणि वाजवावं लागतं. काकू चहा देतात, तो घ्यावाच लागतो.

हे सगळं मे महिन्यातलं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये परत गेले, दमटपणाने मान हलली होती आणि तारा उंच वाटत होत्या. ट्रस रॉड (मानेतली बाक जुळवायची सळई) थोडा फिरवला, सॅडल खाली घेतले, आणि मी गिटार उचलून वाजवायला लागणार तेवढ्यात काका म्हणाले थांब, तारा खाली आल्या म्हणजे पिकअपच्या जवळ आल्या. गिटारच्या पाठीवरच्या, ट्रेमोलोच्या स्प्रिंगांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी मे मध्येच कागदी टेप लावून पेन्सिलने सहा आकडे लिहून ठेवले होते. ते बघितले, स्टीलपट्टी लावली, नेकला जाड बाजूला २.८ च्या जागी २.५ आणि काहीतरी. अर्धा फेरा खाली. मग खुर्ची लांब घेऊन बसले आणि म्हणाले, हं, वाजव.